जांबवंताचं काम



आजचं वाचन : वाल्मीकिरामायण, किष्किंधाकांड, सर्ग ६४ ते ६६

समुद्रकाठी वानरसेना हताश होऊन बसली आहे. लंका शंभर योजनं दूर. प्रत्येक जण आपली उडी किती ते सांगतोय. कुणी दहा योजनं, कुणी वीस, कुणी तीस. म्हातारा जांबवंत नव्वदवर थांबतो. अंगद शंभर म्हणतो, पण परत येण्याची खात्री देत नाही. आणि ज्याला हे सहज जमणार आहे, तो हनुमान बाजूला गप्प बसलाय.

जांबवंत त्याच्याकडे वळतो. इतका वेळ गप्प का, एवढं विचारतो. पण त्याला दोष देत नाही. तो त्याला त्याचीच गोष्ट सांगतो. तू अंजनीचा, तू वायूचा, लहानपणी फळ समजून सूर्याकडे झेपावलेला तो तूच. ऐकता ऐकता मारुतीचं शरीर वाढायला लागतं. शक्ती जांबवंताने दिलेली नाही. ती होतीच. त्याने फक्त आठवण करून दिली.

हे वाचताना मला कन्हेरीचा मारुती डोळ्यांपुढे येतो. बारामतीजवळचं हे गाव. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ याच मारुतीपुढे फुटतो, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मोठ्या कामाला निघताना माणसं त्याच्यापुढे बळ मागतात. पण आज म्हटलं, स्वतः मारुतीलासुद्धा एकदा कुणीतरी बळाची आठवण करून द्यावी लागली होती!

आणि याच बारामतीत, अडीचशे वर्षांपूर्वी, जांबवंताचं काम करणारा एक माणूस राहत होता. मोरोपंत.

सत्संग मागणारा केकावलीतला श्लोक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत म्हटलाय, तो त्यांचाच. मोरोपंत रामचंद्र पराडकर. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. तिथेच पाध्ये घराण्यातल्या केशव आणि गणेश या भावांकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. ऐन तरुणपणी ते बारामतीला आले. इथले सावकार बाबूजी नाईक यांनी त्यांना आश्रय दिला. नाइकांच्या वाड्यात पुराण सांगायचं आणि कऱ्हेकाठच्या या गावात बसून लिहायचं, असं त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. सगळं महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणलं. रामायणं तर एकशे आठ रचली असं मानतात. त्यातलं एक असं, की वाचताना ओठाला ओठ लागत नाही! प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर न वापरता रामकथा सांगायची. करून बघा एक वाक्य.

शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस. अशा माणसाला दुसऱ्याच्या चुका दिसायला किती वेळ लागणार? त्यांनी ठरवलं असतं तर आयुष्यभर लोकांचे दोष काढत बसले असते, आणि ते काढण्याचा अधिकारही लोकांनी त्यांना दिला असता. पण त्यांनी सन्मणिमाला नावाची रचना केली, आणि तिच्यात संतांची स्तुती माळेत मणी ओवावेत तशी ओवली. संस्कृत पंडित असूनही प्राकृतात गाणाऱ्या संतांपुढे ते वाकले. दोष मोजले ते स्वतःचे, केकावलीत, देवापुढे उभं राहून.

आता दुसरा माणूस. सोलापूरचा राम जोशी. मोरोपंतांपेक्षा सुमारे तीस वर्षांनी लहान. वेदशास्त्र आणि पुराण सांगणाऱ्या घरातला, पण मन रमलं ते तमाशात. डफ, तुणतुणं आणि लावणी. ब्राह्मणाच्या मुलाने फडावर उभं राहायचं, हे त्या काळात लोकांना रुचणारं नव्हतं. थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं असं त्याच्या चरित्रात सांगतात. मग तो पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला. विद्या आली, पण लावणीचा नाद काही सुटला नाही. म्हणजे शास्त्री लोकांच्या दृष्टीने वाया गेलेला, आणि त्याला तसं सांगणारे भरपूर.

परंपरा अशी सांगते, की हा राम जोशी बारामतीला आला आणि मोरोपंतांनी त्याची कविता ऐकली. इथे थोडं थांबून विचार करा. एकीकडे रामाच्या एकशे आठ कथा सांगणारा वृद्ध पुराणिक, दुसरीकडे शृंगाराच्या लावण्या गाणारा शाहीर. कान उपटायला याहून चांगली संधी कुठली? पण मोरोपंतांनी आधी त्याची प्रतिभा पाहिली. तू मोठा कवी आहेस, हे त्याला मोकळेपणाने सांगितलं. आणि मग सुचवलं, की ही वाणी हरिकीर्तनाकडे वळव.

क्रम लक्षात घ्या. आधी मान, मग मार्ग. ही गोड गोड स्तुती नव्हती. तुझ्याजवळ हे आहे असं सांगितलं की त्याचं काय करतोस हा प्रश्न आपोआप उभा राहतो. भावाने दार लावलं होतं. मोरोपंतांनी दार उघडं ठेवून आत बोलावलं.

राम जोशी कीर्तनाला उभा राहिला आणि त्याने मोरोपंतांच्याच आर्या गायला सुरुवात केली. वाड्यातल्या जाणकारांसाठी असलेली ती अवघड, संस्कृतप्रचुर कविता कीर्तनातून गावोगावच्या साध्या माणसांपर्यंत गेली. म्हणून त्याच्या लावण्या पुसल्या गेल्या असं नाही. त्या आजही आवडीने वाचल्या जातात. कुणाला उत्तेजन दिलं म्हणजे तो आपल्या साच्यातून निघालाच पाहिजे, असं थोडंच आहे?

मोरोपंत १५ एप्रिल १७९४ ला बारामतीतच गेले. तिथी होती चैत्र पौर्णिमा. म्हणजे हनुमान जयंती.

खरं सांगू? हे लिहायला बसलो ते एका टोचणीमुळे. आमच्या ऑनलाइन पाठाच्या ग्रुपवर एक मुलगी पहिल्यांदाच स्तोत्र म्हणत होती. मी सगळ्यांसमोर तिचे तीन उच्चार सुधारले. तिन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो, की आपण शुद्धतेसाठी बोललो. आज जांबवंताने मला गप्प केलं. ती म्हणायला उभी राहिली, हे मी एका शब्दाने तरी बोललो होतो का? नाही. आज तिला मेसेज केला. आधी माफी, आणि मग तिचा आवाज किती स्वच्छ आहे ते. उत्तर अजून आलेलं नाही. न आलं तरी माझी तक्रार नाही.

आजचा संकल्प : तुमच्या आसपास कुणीतरी समुद्रकाठी गप्प बसलंय. ऑफिसात, घरात, ग्रुपवर. त्याच्यातली एक खरी गोष्ट शोधा आणि ती त्याला आजच सांगा. दुरुस्ती उद्या करता येईल.

प्रार्थना : हे मारुतिराया, तुझी शक्ती मागायला आम्ही नेहमीच येतो. आज जांबवंताची नजर दे. दुसऱ्याची उणीव दिसण्याआधी त्याची झेप दिसू दे.

जय श्रीराम.