राणीचं घड्याळ आणि अब्राहम-लुई ब्रेगे

स्मार्टवॉच रोज चार्ज करतो, तशी पूर्वी घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागायची. न्यूशातेलमध्ये जन्मलेल्या अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यांनी पॅरिसमध्ये १७८० च्या सुमारास खिशातल्या घड्याळात झुलणारं वजन बसवलं. माणूस चालला की वजन हलायचं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची. ती पूर्ण भरली की वजन अडकून थांबायचं, म्हणजे जादा ताण नाही.

१७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतसाठी असंच घड्याळ मागवलं गेलं. १७९३ मध्ये राणीला गिलोटिनवर मारलं. त्याच वर्षी ब्रेगेही पॅरिस सोडून पळाले, १७९५ मध्ये परतले. घड्याळ पूर्ण झालं १८२७ ला. तेव्हा ब्रेगेही हयात नव्हते.

आजच्या ऑटोमॅटिक घड्याळात वजन गोल फिरतं, पण तत्त्व तेच: हात हलला की स्प्रिंग भरते.