विल्यम हार्वे आणि शिरांतील झडपा

दिवसभर उभें राहून शेतास पाणी देणारा शेतकरी सायंकाळीं पाय धुवावयास बसला, म्हणजे त्याच्या पावलांवर फुगलेल्या निळसर शिरांची एक कमान दिसते. ह्या शिरांस शारीरशास्त्रांत नीला म्हणतात. कमानीच्या अंगठ्याकडील टोंकापासून एक लांब नीला निघते, ती आंतल्या घोट्याच्या पुढून चढून जांघेपर्यंत जाते; करंगळीकडील टोंकापासून निघालेली आंखूड नीला बाहेरच्या घोट्यामागून पोटरीवर चढते व गुडघ्याच्या मागें आंत शिरते. ह्यांतील रक्त कोणत्या दिशेस वाहतें, असें विचारल्यास आमचे बालवाचक तें वर, हृदयाकडे वाहतें असें चटकन सांगतील. परंतु चारशें वर्षांपूर्वीं युरोपांतील नामांकित वैद्य ह्याच्या उलट शिकवीत असत. तें शिकवणें ज्यानें खोटें ठरविलें, त्या विल्यम हार्वेचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हार्वेचा जन्म इंग्लंडांतील फोकस्टन गांवीं १ एप्रिल १५७८ रोजीं झाला. केंब्रिज येथील पदवी घेतल्यावर तो इटलींतील पादुआ विद्यापीठांत वैद्यक शिकण्यास गेला. तेथें फाब्रिसियस हा त्याचा गुरु होता. नीलांच्या आंत पातळ पडद्यांच्या झडपा असतात हें फाब्रिसियस आपल्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवी, व १६०३ सालीं त्यानें त्यांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. गुरूनें झडपा पाहिल्या खऱ्या, पण त्यांचें काम त्यास उमगलें नाहीं. ग्रीक वैद्य गेलन ह्याच्या काळापासून अशी समजूत होती कीं, रक्त यकृतांत तयार होतें, नीलांच्या वाटेनें अवयवांकडे जातें आणि तेथेंच जिरतें. आपल्याकडे पांझरेच्या बंधाऱ्यावरील पाणी पाटानें फडांत जाऊन पिकांत जिरतें, तसें. तेव्हां सारें रक्त एकदम पावलांत उतरूं नये म्हणून झडपा त्याचा वेग आवरतात, असें फाब्रिसियसनें मानिलें.

१६०२ सालीं पदवी घेऊन हार्वे लंडनास आला व पुढें सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्य झाला. गुरूच्या झडपा मात्र त्याच्या मनांतून गेल्या नाहींत. मानेंतील नीलांतही झडपा असून त्या खालच्या बाजूस, हृदयाकडे उघडतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. रक्त पायांत उतरूं नये एवढाच हेतु असता, तर मानेंतील झडपा अशा उलट कां असाव्या? त्यानें नीलेंत सळई घालून पाहिली; हृदयाकडे ती सहज जाई, उलट अडे. मग त्यानें हिशेब मांडला. एका ठोक्यास हृदय अगदीं थोडें रक्त बाहेर टाकतें असें धरलें, तरी अर्ध्या तासांत हजारांवर ठोके होतात, आणि त्या रक्ताची बेरीज सबंध शरीरांतील रक्ताहून अधिक भरते. खाल्लेल्या अन्नांतून इतकें रक्त होणें शक्य नाहीं; अर्थात् तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे.

त्याचा एक प्रयोग कोणासही करतां येईल. हात खालीं सोडून फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून धरावें व दुसऱ्या बोटानें तेथून रक्त वर सारावें. वरच्या झडपेपर्यंत शीर रिकामी राहते. पहिलें बोट उचलतांच ती खालून भरते. आमच्या वर्गांत हा प्रयोग झाला, त्या दिवशीं पुढचा धडा राहूनच गेला. पायांत हेंच काम पोटरीचे स्नायु करितात: चालतांना ते नीलांस पिळून रक्त वर ढकलतात व झडपा तें मागें येऊं देत नाहींत. तासन् तास एका जागीं उभें राहणाऱ्यांच्या, म्हणजे आम्हां शिक्षकांच्याही, पायांच्या शिरा पुष्कळदां गांठाळतात त्या ह्या झडपा दुबळ्या पडल्यामुळें.

हार्वेचा लॅटिन ग्रंथ १६२८ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापला. तो राजवैद्य होता, तरी ह्या ग्रंथानंतर त्याच्याकडे येणारे रोगी कमी झाले. जुन्या मताचे वैद्य त्याच्यावर तुटून पडले. पॅरिसच्या रिओलांस त्यानें १६४९ सालीं, एकवीस वर्षांनीं, शांतपणें उत्तर दिलें. मध्यंतरीं यादवी युद्धांत, १६४२ सालीं, शिपायांनीं त्याचें बिऱ्हाड लुटून कित्येक वर्षांचीं टिपणें नाहींशीं केलीं. हा घाव त्यास फार लागला.

३ जून १६५७ रोजीं तो वारला. हृदयाकडून गेलेलें रक्त नीलांत कोठून शिरतें, तें मात्र त्यास कधींच दिसलें नाहीं. चार वर्षांनीं इटलींतील माल्पिघी ह्यानें सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांत त्या केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या.