बिस्किटावर ज्याचं नाव, त्यालाच ते चाललं नसतं!

सबमिशन्स संपली की मार्वेच्या जेट्टीवरून बोट पकडायची आणि मनोरी गाठायची, हा उपनगरातल्या कॉलेजकरांचा जुना प्लॅन. टेंट, शेकोटी, गिटार येणारा एक मित्र. हल्ली त्यात स्मोअर्सची भर पडलीय. शेकोटीवर भाजलेलं मार्शमेलो आणि चॉकलेटचा तुकडा दोन बिस्किटांत दाबायचा नि खायचा. आपण त्याला मारी नाहीतर डायजेस्टिव्ह वापरतो. अमेरिकेत लागतं ते ग्रॅहम क्रॅकर. गव्हाचं, मधाच्या नाहीतर काकवीच्या चवीचं, खुसखुशीत. चीजकेकच्या तळाला मूळचा चुराही त्याचाच.

हा ग्रॅहम म्हणजे ब्रँड नव्हे, माणूस. आणि गंमत अशी की हे गोड बिस्किट तुम्ही त्याच्या हातात ठेवलं असतं, तर त्याने तुम्हाला तासभर झापलं असतं.

सिल्व्हेस्टर ग्रॅहमचा जन्म १७९४चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. सतरावं भावंड! तो झाला तेव्हा वडील सत्तरीच्या पुढे होते. दोन वर्षांत ते गेले. आईची मानसिक प्रकृती ढासळली आणि पोरगा या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत राहिला. शेतावर राबला. सतत आजारी. शिकायला अॅमहर्स्टला गेला तेव्हा वय २९. वर्गातल्या पोरांना हा विचित्र माणूस खुपायला लागला. त्यांनी एका बाईच्या संदर्भात त्याच्यावर खोटा आळ घेतला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हते, पण माणूस उद्ध्वस्त करायला कुजबुज पुरायची. तो पार कोलमडला. त्या काळात ज्या मुलीने त्याची शुश्रूषा केली, तिच्याशीच पुढे लग्न झालं.

नंतर तो धर्मोपदेशक झाला, १८३०मध्ये फिलाडेल्फियात दारूबंदीची भाषणं द्यायला लागला आणि बोलता बोलता दारूवरून ताटावर आला. त्याचं म्हणणं सोपं होतं. मांस नको, मसाले नकोत, चहा-कॉफी नको. कडक गादीवर झोपा, खिडक्या उघड्या ठेवा, गार पाण्याने अंघोळ करा. आणि भाकरी असो की पाव, तो कोंड्यासकट दळलेल्या जाडसर पिठाचा, घरी भाजलेला हवा. (मनोरीत, जिथे ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा बॉटल मसाला भरून ठेवतात, तिथे हा एक जेवणही टिकला नसता!)

पावाबद्दल त्याचा राग उगाच नव्हता. शहरं वाढत होती, पाव विकतचा झाला होता. पांढरा पाव म्हणजे श्रीमंती, म्हणून कोंडा काढून टाकायचा, वर तुरटी, खडू असलं काहीबाही मिसळायचं. १८३७मध्ये त्याने पावावर आख्खं पुस्तकच लिहिलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये बेकरीवाले आणि खाटीक त्याच्या व्याख्यानावर चालून गेले. त्याच्या समर्थकांनी वरच्या मजल्यावरून जमावावर चुना ओतला, तेव्हा कुठे गर्दी पांगली. गव्हाच्या पिठावरून दंगल, विचार करा!

आता खरं सांगायचं तर त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. मसालेदार खाल्लं की लैंगिक वासना चाळवते आणि त्यातून रोग होतात, असं तो ठासून सांगायचा. तरुण पोरं घाबरून त्याची पुस्तकं वाचायची. याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. ओबर्लिन कॉलेजात तर त्याचा आहार मेसमध्येच लागू केला होता. तिथे स्वतःची मिरपूड आणणाऱ्या एका प्राध्यापकाची नोकरी गेली म्हणतात. शेवटी १८४१मध्ये विरोध इतका वाढला की मेस पुन्हा मूळ पदावर आली.

पण कोंड्याच्या बाबतीत तो जिंकला, तेही कशामुळे हे कळायच्या आत. त्याच्या काळात जीवनसत्त्वं हा शब्दच नव्हता. आज आपल्याला माहितेय की गव्हाचं तंतू, लोह, ब गटातली जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू, तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. म्हणजे तुमच्या डब्यातली पोळी या हिशेबात ग्रॅहमच्या बाजूची.

बिस्किटाचं तसं नाही. साखर आणि तूप किंवा तेल पडलं की बिस्किट खुसखुशीत होतं, कोंड्याचा खरखरीतपणा झाकला जातो, आणि एकावर आपण थांबत नाही. आजच्या बऱ्याच ग्रॅहम क्रॅकरमध्ये पहिलं नाव पांढऱ्या पिठाचं असतं. आपल्याकडच्या कित्येक डायजेस्टिव्हवरही आधी मैदा, मग आटा. पाकिटावर जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहावा लागतो. पुढच्या बाजूचं गव्हाचं कणीस सोडा, मागची यादी वाचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा, साधारण ५० ग्रॅम. चहासोबत अर्धा पुडा संपवताना हा आकडा आठवला तर बरं.

हा विचार आपल्या किनाऱ्यापर्यंतही आला. लंडनमध्ये शिकताना गांधीजींनी हॉवर्ड विल्यम्सचं आहारनीतीवरचं पुस्तक वाचलं होतं, त्यात ग्रॅहमवरही प्रकरण आहे. पुढे जोहान्सबर्गला त्यांनी घरी हातजातं आणलं आणि अख्ख्या गव्हाचा पाव घरीच करायला लागले. हेच गांधीजी १९२४मध्ये पुण्यातल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते, मनोरीच्या दक्षिणेला, याच समुद्राकाठी.

ग्रॅहम मात्र तोवर केव्हाच विस्मरणात गेला होता. शेवटच्या वर्षांत श्रोते आटले, तब्येत ढासळली. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याने मांस आणि मद्यही घेतलं, आणि अनुयायांना ते फार लागलं. १८५१मध्ये नॉर्दम्प्टनला तो वारला, वय फक्त ५७. त्याने कसलंही पेटंट घेतलं नव्हतं. त्याच्या नावाची बिस्किटं १८९८पासून नॅशनल बिस्किट कंपनीने कारखान्यात काढायला सुरुवात केली. त्याच्या नॉर्दम्प्टनच्या घरात पुढे एक रेस्टॉरंट निघालं. नाव त्याचंच, सिल्व्हेस्टर्स. ते नाश्त्यासाठी ओळखलं जायला लागलं, आणि मेन्यूवर कॉफीही होती, बेकनही.