कामगार का मरतायत हे शोधायला त्या थेट कारखान्यात शिरल्या, पुढं हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या

एखाद्या मोठ्या कंपनीत कामाला असाल, तर तिथली ओएचसी तुम्हाला माहिती असेल. बोट कापलं, चक्कर आली, डोळ्यात काही गेलं की आधी तिथं पळायचं. तिथल्या सिस्टर पट्टी बांधतात, रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि वर्षाच्या मेडिकल चेकअपची आठवणही करून देतात.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या देशातही कामामुळं माणूस आजारी पडतो हे मानायला कुणी तयार नव्हतं. ते मान्य करायला लावण्यात सगळ्यात मोठा वाटा एका डॉक्टर बाईंचा होता. त्यांचं नाव ॲलिस हॅमिल्टन.

ॲलिस यांचा जन्म 1869 चा. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात त्या खात्यापित्या घरात वाढल्या. पण वडिलांचा धंदा बुडाला आणि मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग पडलं. डॉक्टर झालं की कुठंही जाता येतं, कुठंही उपयोगी पडता येतं, असा विचार करून ॲलिस यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं. 1893 मध्ये त्या मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

1897 मध्ये त्या शिकागोला आल्या आणि हल हाऊसमध्ये राहायला लागल्या. पुढं शांततेचं नोबेल मिळालेल्या जेन ॲडम्स यांनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत हे केंद्र उघडलं होतं. शिकली-सवरलेली माणसं वस्तीतच राहायची आणि तिथल्या लोकांसाठी काम करायची. ॲलिस दिवसा कॉलेजात शिकवायच्या आणि वस्तीतल्या बाळांसाठी दवाखाना चालवायच्या. आजूबाजूचे धडधाकट पुरुष अकाली थकतायत, कुणाचे हात लुळे पडतायत, कुणी पोटदुखीनं लोळतोय, हे त्यांना रोज दिसत होतं.

पण आधी एक मोठी चूक झाली

1902 मध्ये शिकागोत टायफॉईडची साथ आली. हल हाऊसच्या वस्तीत रुग्ण सगळ्यात जास्त. ॲलिस यांनी उघड्या संडासांवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या माश्या पकडून तपासल्या आणि साथ माश्यांमुळं पसरली असा निष्कर्ष काढला. पेपर छापून आला, नाव झालं, आरोग्य खात्यावर टीकेची झोड उठली.

नंतर खरी गोष्ट कळली. गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं आणि खात्यानं ते दडवून ठेवलं होतं. ॲलिस यांनी आपली चूक कधी लपवली नाही, आत्मचरित्रातही ती लिहून ठेवली. पुढच्या कामात मात्र त्या एकेका रुग्णाचा पुरावा हातात घेऊनच बोलायला लागल्या.

शिसं हातातून नाही, श्वासातून जात होतं

1910 मध्ये इलिनॉय राज्यानं व्यवसायामुळं होणाऱ्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि ते काम ॲलिस यांच्याकडं आलं. त्यांनी शिसं निवडलं. तेव्हा शिसं रंगात होतं, बॅटरीत होतं, बाथटबच्या चकाकीतसुद्धा होतं.

मालक म्हणायचे, कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात. म्हणजे दोष कामगाराचाच. शिवाय आजारी माणूस काम सोडून जायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा आणि कारखान्याच्या कागदावर कुणीच आजारी नसायचं.

म्हणून ॲलिस यांनी कारखान्याच्या कागदांवर विसंबायचं सोडलं. दवाखान्यांतल्या नोंदी चाळल्या. औषधविक्रेते, घरोघरी जाणाऱ्या नर्स, कामगारांच्या बायका, सगळ्यांना भेटल्या. एका बाथटब कारखान्यात सगळं स्वच्छ दिसलं. पण तिथल्या आजारी कामगाराच्या घरी गेल्यावर कळलं की खरं धोक्याचं काम वेगळ्याच जागी चालतं. तिथं लालबुंद तापलेल्या टबवर शिसं असलेली पूड भुरभुरवली जायची आणि ती धूळ कामगारांच्या छातीत जायची. मुख्य दोषी हात नव्हते, हवा होती.

मग त्या थेट मालकांशी बोलायला लागल्या. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश आधी भडकले, आपल्याकडं असं काही नाही म्हणाले. ॲलिस यांनी 22 रुग्णांची माहिती त्यांच्यापुढं ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला आणि कारखान्यात सुधारणा केल्या.

1911 मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला. विषारी धूळ आणि वाफेपासून कामगारांचं संरक्षण करणं आणि दर महिन्याला त्यांची तपासणी करणं बंधनकारक झालं. मग केंद्र सरकारनं ॲलिस यांना देशभरातली पाहणी करायला सांगितलं. पण कारखान्यात शिरायचा अधिकार दिला नाही आणि ठरलेला पगारही नाही. अहवाल तयार झाला की सरकार तो विकत घेणार, एवढाच करार. तरी त्या बोलून-समजावून आत जायच्या.

हार्वर्डच्या तीन अटी

1919 मध्ये हार्वर्डला या विषयाचा शिक्षक हवा होता आणि ॲलिस यांच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी सापडेना. तेव्हा तिथल्या मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेशसुद्धा नव्हता. ॲलिस यांना घेतलं, पण अटींवर. प्राध्यापकांच्या क्लबमध्ये यायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही.

1925 मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. ही लढाई त्या हरल्या, ते पेट्रोल विकलं गेलंच. भारतात ते 2000 मध्ये बंद झालं आणि जगातून जायला 2021 उजाडलं.

1935 मध्ये त्या निवृत्त झाल्या. या विषयातल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या तज्ज्ञ, पण सोळा वर्षांत एकही बढती नाही. ज्या असिस्टंट प्रोफेसर पदावर आल्या, त्याच पदावरून गेल्या.

22 सप्टेंबर 1970 रोजी, वयाच्या 101 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यानंतर तीन महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा आला. 1995 मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

आपल्याकडं 2025 पर्यंत 1948 चा कारखाने कायदा होता. कामामुळं होणाऱ्या आजारांची जी यादी त्यात दिली होती, तिची सुरुवातच शिशाच्या विषबाधेपासून होत होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं असायचं. 500 पेक्षा जास्त कामगार असतील तर नर्सिंग स्टाफसह ॲम्ब्युलन्स रूम त्यात सक्तीची होती.

पण हे सगळं चालतं ते नोंदीवर. त्यामुळं पुढच्या वेळी ओएचसीतल्या सिस्टरांनी काय काम करता, कुठल्या मशीनवर असता, असं विचारलं तर कंटाळा करू नका. ॲलिस हॅमिल्टन यांचं सगळं काम याच प्रश्नापासून सुरू झालं होतं.