आपली गाडी, आपली चाल

वेगाचे विक्रम करणारी माणसे जगात पुष्कळ होऊन गेली. त्यांची नावे काही दिवस वर्तमानपत्रांत झळकतात आणि कोणीतरी तो विक्रम मोडला की मागे पडतात. परंतु ज्यांची आठवण निघाली की वेगापेक्षा धीरच अधिक डोळ्यांसमोर येतो, असे एक गृहस्थ न्यूझीलंडमध्ये होऊन गेले. त्यांचे नाव बर्ट मन्रो. एकच मोटारसायकल त्यांनी तरुणपणी विकत घेतली आणि जवळजवळ सारे आयुष्य तिच्याबरोबर काढले. त्यांच्या चरित्रातून मला जे उमगले ते वाचक मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मन्रो यांचा जन्म 25 मार्च 1899 रोजी झाला. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाशी इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात ते वाढले. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मताच दगावली. लहानपणी हे चिरंजीव घरच्या सर्वांत चपळ घोड्यावर बसून शेतातून भरधाव सुटत आणि वडिलांची बोलणी खात. मुलाने शेतीत लक्ष घालावे, नसते नाद करू नयेत, असे वडिलांना वाटे. हे वाचताना मला हसू आले, कारण बाप शेतकरी असला की त्याची काळजी सातासमुद्रापलीकडेही तीच असते! मन्रो घर सोडून काही काळ बोगद्याच्या कामावर गेले, पण वडिलांनी त्यांना पुन्हा शेतावर बोलावून घेतले.

1920 साली त्यांनी एक नवी मोटारसायकल घेतली. तिचे नाव ‘इंडियन स्काउट’. नाव इंडियन असले तरी आपल्या देशाशी तिचा काही संबंध नाही. ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बनलेली होती. दोन सिलिंडरचे 600 सीसीचे इंजिन, तीन गिअर, आणि वेग फार तर ताशी 88 किलोमीटर. आज आपल्या कॉलेजच्या स्टँडवर उभी असलेली साधी गाडीसुद्धा एवढी पळते.

अशी गाडी काही वर्षांनी विकावी आणि नवी घ्यावी, हा जगाचा रिवाज. मन्रो यांनी तसे केले नाही. 1926 सालापासून त्यांनी याच गाडीत सुधारणा करायला सुरुवात केली. हाताशी पैसा बेताचा होता. पुढे मंदीच्या काळात पुन्हा शेतावर परतावे लागले, नंतर मोटारसायकलींचे विक्रेते आणि मेकॅनिक म्हणून ते पोट भरू लागले. दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःची गाडी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. विकतचे सुटे भाग परवडत नसत, म्हणून ते स्वतः घडवीत. धातू वितळवून जुन्या पत्र्याच्या डब्यांत ओतायचा आणि त्यातून पिस्टन तयार करायचे. बिडाच्या जुन्या नळातून सिलिंडर कोरून काढायचा. ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद घेऊन कनेक्टिंग रॉड घासून बनवायचे. मोजमापाला लागणारा मायक्रोमीटरसुद्धा त्यांनी चाकाच्या जुन्या आरीपासून केला होता. असे हाताने केलेले भाग वारंवार तुटत. तुटलेले तुकडे ते टाकून देत नसत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते त्यांनी एका फळीवर मांडून ठेवले होते. 600 सीसीचे इंजिन अशा रीतीने वाढत वाढत 950 सीसीपर्यंत गेले.

या काळात जग थांबलेले नव्हते. इंग्लंड-अमेरिकेतील कारखाने दरवर्षी नवी मॉडेले काढीत होते. खुद्द इंडियन कंपनीचा कारखाना 1953 साली बंद पडला. शेजारच्या माणसाने नवी गाडी घेतली की आपली जुनी वाटू लागते, हा अनुभव कोणाला नाही? पण मन्रो यांचे माप निराळे होते. त्यांची गाडी काल किती पळाली आणि आज किती पळते, एवढाच त्यांचा हिशेब. इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावर, लांब सपाट वाळूवर, ते गाडी पळवून पाहत. 1938 सालापासून न्यूझीलंडमधील वेगाचे विक्रम त्यांच्या नावावर होऊ लागले. तरीही फळीवरचे तुकडे वाढतच होते.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनेव्हिल नावाचे मिठाचे प्रचंड मैदान आहे. तेथे दरवर्षी वेगवेड्यांचा मेळा भरतो. मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेले. त्यांतली पहिली खेप नुसती पाहण्यासाठी होती. ज्या वयात आपल्याकडे माणसे देवळाच्या पायरीवर बसतात, त्या वयात, म्हणजे 1962 साली, 63 व्या वर्षी त्यांनी तेथे 883 सीसी गटात ताशी सुमारे 288 किलोमीटरचा विक्रम केला. 1966 साली 1000 सीसी गटात दुसरा केला. तिसरा विक्रम 1967 सालचा. तेव्हा मन्रो 68 वर्षांचे होते आणि गाडी 47 वर्षांची! वेगाची नोंद ताशी सुमारे 295 किलोमीटर झाली. या नोंदीचीही एक गंमत आहे. सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाल्याचे त्यांच्या मुलाच्या लक्षात आले आणि 2014 साली तो विक्रम दुरुस्त होऊन ताशी 296 किलोमीटरच्या वर गेला. मन्रो तोवर हयात नव्हते. 6 जानेवारी 1978 रोजी ते वारले होते. 2005 साली त्यांच्यावर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी त्यांची भूमिका केली.

आता कोणी विचारील की, जो माणूस विक्रमामागे लागला त्याचे उदाहरण तुलना न करण्यासाठी कसे चालेल? विक्रम ही तर तुलनेचीच दुसरी बाजू! हा आक्षेप मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला त्या सालांत सापडले. 1926 ते 1962 ही छत्तीस वर्षे आहेत. ज्याला केवळ दुसऱ्याला हरवायचे असते, तो छत्तीस वर्षे एकाच गाडीपाशी बसत नाही. तो लवकर जिंकवणारी दुसरी गाडी शोधतो, नाहीतर नाद सोडून देतो. रात्रीच्या त्या कामातच मन्रो यांना आनंद होता. विक्रम हे त्या झाडाला उशिरा लागलेले फळ होय.

मात्र त्यांचा गौरव करताना दुसरी बाजू झाकू नये. या ध्यासाची किंमत घरालाही मोजावी लागली. पत्नीपासून ते वेगळे झाले आणि गाडीजवळच, गॅरेजमध्ये, राहू लागले. अपघातांत शरीराला अनेकदा इजा झाली. 1977 साली अर्धांगाचा झटका आला आणि हातापायांवरचा ताबा कमी झाला. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी त्या तेथल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. आपली चाल म्हणजे मोकाट चाल नव्हे, हेही या चरित्रातून शिकावे लागते.

हे सारे मी का लिहितो आहे? मी रोज चौदा किलोमीटरवरून कॉलेजला येतो. वडिलांची 100 सीसीची जुनी गाडी आहे. पुढे दुधाची किटली डेअरीवर उतरवायची आणि मग वर्गात यायचे. ताशी चाळीसच्या पुढे मी जात नाही. घाटात मागून येणारे मित्र हॉर्न वाजवून, हात हलवून पुढे निघून जातात आणि स्टँडवर भेटल्यावर किती मिनिटांत आलास म्हणून विचारतात. अशाच एका चढाओढीत आमच्या वर्गातल्या एकाचा पाय मोडला आणि त्याचे वर्ष वाया गेले. मन्रो यांच्यासमोर मोकळी वाळू आणि मोकळे मीठ होते. आमच्या घाटात बैलगाड्या असतात, शाळेची पोरे असतात, ऊसतोडणीची माणसे असतात. तेथे स्वतःची चाल म्हणजे समोरच्यालाही त्याची चाल चालू देणे.

आणि सावकाश जाण्यात तोटा काय? हळू जाणाऱ्याला उन्हाळ्यात करवंदीच्या जाळ्या दिसतात. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी कळतो. वडिलांनी मला तेवढेच शिकवले आहे की, गाडी आधी कानांनी चालवायची.

तुलना रस्त्यावर संपत नाही, ती घरापर्यंत येते. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. माझ्याबरोबरची भावकीतली मुले एमआयडीसीत लागून दोन वर्षे झाली. त्यांच्या हातात पगार येतो, माझ्या हातात पुस्तक. सणावाराला पाव्हणे विचारतात, अजून किती वर्षे? वडील काही बोलत नाहीत, पण मान खाली घालून विडी शिलगावतात. त्या वेळी एखादे अर्थशास्त्राचे प्रकरण चार वेळा वाचूनही कळत नसेल तर मन खचते. मग मला ती फळी आठवते. चार वेळा तुटलेला पिस्टन पाचव्यांदा ओतणारा माणूस कोणाच्या वेळापत्रकाने चालत होता?

मित्रहो, कोणी घाईने पुढे गेला म्हणून तो चुकला असे नाही, आणि मागे राहिलेला शहाणा असेही नाही. ज्याचे इंजिन त्याने ओळखावे. माझी परीक्षा मार्चमध्ये आहे. मागच्या वर्षी मला 48 टक्के होते, यंदा 55 चा प्रयत्न आहे. वर्गात पहिला कोण येतो ते मी विचारणार नाही, पण हा आकडा मात्र घरी वडिलांना मी आधीच सांगून ठेवला आहे.

— द्वितीय वर्ष कला