हाफकिनसाहेब आणि प्रयोगशाळेतील लहान कामे

आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण-तरुणी हल्ली वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे शिक्षण घेण्यास शहरांत जाऊ लागली आहेत. घरची वडील माणसे विचारतात, हे शिकून पोराने करावयाचे तरी काय? तो डॉक्टर होणार नाही. त्याने काचा धुवाव्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावाव्या, रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावा आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. एवढ्यासाठी इतकी शिस्त व इतकी परीक्षा कशाला? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपल्या शब्दांनी न देता एका मनुष्याच्या चरित्राने देऊ इच्छितो. मुंबईत परळ येथे ज्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे, ते वाल्देमार हाफकिन हे होत.

हाफकिनसाहेबांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरी झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या बादशाही अमलाखाली होते, आज ते युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे यहूदी होते. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकोफ नावाचे थोर शास्त्रज्ञ शिकवीत असत. त्यांच्यापाशी बसून हा तरुण डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांचा अभ्यास करू लागला. १८८१ साली त्या प्रांती यहूद्यांवर दंगे झाले. हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणास धावले, जखमी झाले, आणि त्यांस अटकही झाली. तेव्हा गुरूंनी रदबदली करून त्यांस सोडविले. पुढे त्यांची विद्वत्ता सर्वांस मान्य झाली, तरी यहूदी राहून अध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. रशियाच्या राजमान्य पंथात शिरल्यास वाट मोकळी होती. परंतु जागेसाठी धर्म बदलणे त्यांच्या मनास पटले नाही. त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात लहानशी नोकरी पत्करली व सहा वर्षे तेथे काढली. त्यांचा धर्म आमचा नव्हे; तथापि पोटासाठी अंतःकरणास न विकणारा मनुष्य आम्हांस आदरणीय वाटतो.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. वर्षभर जिनिव्हा येथे राहून ते पॅरिस शहरी आले. तेथे पाश्चरसाहेबांची संस्था नुकतीच सुरू झाली होती व मेचनिकोफही तेथे आले होते. परंतु तेथे ग्रंथपालाखेरीज दुसरी जागा रिकामी नव्हती. हाफकिनांनी तीच घेतली. पुस्तके लावावयाची, मागतील त्यांस काढून द्यावयाची, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेतील हाताचे काम शिकावयाचे, असा त्यांचा क्रम झाला. जंतू शुद्ध कसा वाढवावा, एका नळीतून दुसऱ्या नळीत दुसरे काही मिसळू न देता कसा न्यावा, भांडे निर्जंतुक झाले हे कसे ओळखावे, हे सारे केवळ वाचून येत नाही. बोटांस वळण लागावे लागते. ह्याच शिक्षणाच्या बळावर त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. लोक ह्या परक्या मनुष्यास व त्याच्या सुईस भीत. म्हणून हाफकिन व त्यांचे हिंदी सहकारी डॉक्टर आपणच पुढे होऊन लोकांदेखत टोचून घेत. कोणावर त्यांनी सक्ती केली नाही. सुमारे अडीच वर्षांत ४२००० हून अधिक लोकांनी त्यांच्या हातून पटकीची लस घेतली.

इतक्यात १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाची साथ सुरू झाली. हा प्लेग आहे हे गोव्याकडील डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी प्रथम ओळखले. ह्या रोगाने पुढे आमची किती गावे ओस पडली आणि किती कुटुंबे शेतांतील झोपड्यांत जाऊन राहिली, हे वडिलांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करिता करिता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. सरकारने हाफकिनसाहेबांस मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई एवढेच साहाय्य मिळाले.

तेथे काम कसे चाले ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. प्लेगचा जंतू वाढविण्यास मांसाचा काढा लागतो. गाईचे वा डुकराचे मांस वापरिल्यास हिंदू व मुसलमान बांधवांची मने दुखावतील, म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा काढा घेतला. काचेच्या चंबूत तो काढा भरून वर तुपाचे थेंब सोडीत. जंतू त्या थेंबांस खालून धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे काढ्यात लोंबत. पारंब्या दिसल्या म्हणजे वाढलेला जंतू प्लेगचाच, ही खूण पटे. परंतु चंबूस जराही धक्का लागला तर त्या तुटून तळाशी जात. म्हणून चंबू हालणार नाहीत अशा जागी ठेवीत, काही दिवसांनी मुद्दाम हालवून पारंब्या पाडीत, व पुन्हा नवी वाढ होऊ देत. असे पाच-सहा आठवडे चाले. नंतर ठरलेल्या उष्णतेवर तासभर तापवून जंतू मारीत, थोडे कार्बोलिक आम्ल घालीत, आणि लस बाटल्यांत भरून बुचे बसवीत. कोठे घाई झाली, तर सारी मेहनत वाया जाई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनसाहेबांनी ही लसही आधी स्वतःस टोचली, तीही नेहमीच्या मात्रेहून पुष्कळ अधिक. ताप व वेदना सोसून त्यांनी त्यांची नोंद केली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुषीने टोचून घेतले. टोचणीच्या वेळी रोग ज्यांच्या अंगी आधीच शिरला होता त्यांची गोष्ट निराळी. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले व दोघेही वाचले. लस रोग सर्वस्वी थांबविते असे हाफकिन कधी म्हणाले नाहीत. ती धोका कमी करिते एवढेच ते मोजून दाखवीत. आगाखानांनी लोकांदेखत टोचून घेतले व कामासाठी आपली कोठी दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ही प्रयोगशाळा थाटाने उघडण्यात आली.

आता दुःखाची गोष्ट. १९०२ साली पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागविली. काम वेगाने व्हावे म्हणून हाफकिनांनी लस करण्याची रीत बदलली. कार्बोलिक आम्ल घालणे सोडून ते उष्णतेवर व हातांच्या शुद्धतेवर विसंबले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल नावाच्या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ लोकांस टोचण्यात आले. आठवडा लोटला नाही तोच त्यांतील १९ जणांची दातखिळी बसू लागली. तो धनुर्वात होता. एकोणीसही जण मरण पावले. प्लेगपासून वाचावे म्हणून विश्वासाने हात पुढे करणारी ती खेड्यातली माणसे होती, हे आपण विसरू नये.

चौकशी मंडळ बसले. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे त्याने ठरविले व बदललेल्या रीतीस दोष दिला. हाफकिनसाहेबांस प्रयोगशाळेच्या मुख्य जागेवरून दूर व्हावे लागले. ज्या मनुष्याने दोन भयंकर रोगांवर आपल्या देहाची कसोटी लावली, तो लोकांच्या दृष्टीने १९ माणसांच्या मृत्यूस कारण झाला. कित्येक वर्षे त्यांनी हा कलंक वाहिला.

सत्य उजेडात आले ते लहान नोंदींमुळे. प्रत्येक बाटलीवर क्रमांक होता आणि कोणत्या माणसास कोणत्या बाटलीतून लस दिली हे लिहून ठेविले होते. त्यावरून कळले की मेलेली एकोणीस माणसे एकाच बाटलीची, ५३-एन ह्या क्रमांकाची होती. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही. ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचा जंतू तितके दिवस आत असता, तर लसीस दुर्गंधी सुटली असती व विष साचून रोग्यांस लवकर पीडा झाली असती. तसे काहीच घडले नव्हते. आणि मुल्कोवालच्या साहाय्यकाच्या जबानीत एक साधी गोष्ट होती: बूच काढण्याचा चिमटा त्याच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीतून न काढता जंतुनाशक पाण्यात नुसता बुडवून त्याने बूच उपटले होते. धनुर्वाताचे बीज मातीत असते व तेवढ्याने मरत नाही.

१९०७ साली रोनाल्ड रॉस आदी नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हे सारे मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिनसाहेब दोषमुक्त ठरले. ते कलकत्त्यास परत आले, परंतु पूर्वीचे काम व मान त्यांस मिळाला नाही. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली ठेव त्यांनी पूर्व युरोपातील यहूदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेविली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते मरण पावले. त्यापूर्वी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

ज्याच्या हातून चिमटा पडला, तो दुष्ट नव्हता. गर्दी होती, काम पुष्कळ होते, आणि एवढ्याने काय होते असे त्यास वाटले असावे. ज्याने बाटलीवर क्रमांक घातला, तोही कोणी मोठा मनुष्य नसेल. परंतु त्या आकड्याने पुढे एका निरपराध मनुष्याची अब्रू राखली. प्रयोगशाळेचे शिक्षण म्हणजे हेच. कोणी पाहत नसताही खाली पडलेली वस्तू अशुद्ध मानणे, नळीवर नाव घातल्यावाचून ती हातावेगळी न करणे, आणि शंका आली तर तपासणी पुन्हा करणे. अल्पात विश्वासू राहण्याचा जो धडा आमचे उपदेशक मंडळ्यांस देतात, त्याची येथे दररोज परीक्षा होते.

म्हणून, वडीलधाऱ्यांनो, आपली मुलगी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते असे कोणी हिणविले, तर त्यास मुल्कोवालची गोष्ट सांगा. आणि तुम्ही, जे हे शिक्षण घेत आहा, चिमटा खाली पडला तर लाजू नका, घाईही करू नका. तो बाजूस ठेवा, आणि शुद्ध असेल तोच हाती घ्या.