मोलोकाईचे संत डेमियन

१० मे हा संत डेमियन यांचा सण. १८७३ साली याच दिवशी बेल्जियमचे हे ३३ वर्षांचे धर्मगुरू मोलोकाई बेटावर उतरले. हवाई बेटांवरील कुष्ठरोग्यांना घरच्यांपासून तोडून तेथे नेऊन सोडत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उंच कडा. ही माणसे कोणाला डोळ्यांसमोर नको होती.

धर्मगुरूंनी तेथे आळीपाळीने राहायचे ठरले होते. फादर डेमियन राहिले ते कायमचेच. सुरुवातीला जखमांची दुर्गंधी सहन होईना, म्हणून ते पाइप ओढू लागले. (संतांनाही नाक असतेच!) पण तोंड फिरवले नाही. त्यांनी जखमा धुतल्या, शवपेट्या बनवल्या, रोग्यांसोबत एकाच भांड्यात बोटे घालून ते जेवले. स्वतः धडधाकट असतानाही प्रवचनात ते आपली गणना कुष्ठरोग्यांतच करीत.

मग जग त्यांच्याकडेही त्याच नजरेने पाहू लागले. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले. त्यांना उतरू दिले नाही, फादरांना वर चढू दिले नाही. पापनिवेदनासाठी आसुसलेल्या फादरांनी होडीतूनच, सर्वांदेखत, मोठ्याने आपली पापे सांगितली.

१८८४ साली त्यांचा पाय कढत पाण्यात पडला, पण चटका जाणवला नाही. काय झाले ते त्यांनी ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी ते प्रभूघरी गेले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले.

त्यांचे अवशेष १९३६ मध्ये बेल्जियमला नेण्यात आले होते. १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष परत आणून मोलोकाईच्या जुन्या कबरीत ठेवण्यात आले.